फोनचं घड्याळ चुकलं? हात लावण्याआधी चूक मोजा

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी आली आहे: 'ऑटोमॅटिक' चालू आहे, तरी फोनची वेळ चुकते. म्हणून या वेळचा सगळा स्तंभ त्यालाच दिला आहे.

प्रश्न: दुबईहून परतल्यापासून माझा अँड्रॉइड फोन दीड तास मागे दाखवत होता. मी ऑटोमॅटिक बंद करून वेळ हाताने दीड तास पुढे केली. आता घड्याळ बरोबर दिसतं, पण ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड कुठेच चालत नाही आणि ऑफिसचं ॲप सारखं लॉग-आउट होतं. याचा घड्याळाशी संबंध आहे का?
— एक वाचक, गोरेगाव

आहे, आणि थेट आहे. फोनमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे जगभर एकच असलेली मूळ वेळ, जिला यूटीसी म्हणतात. दुसरी म्हणजे टाइम झोन, म्हणजे त्या मूळ वेळेत किती मिळवायचं किंवा किती वजा करायचं याचा आकडा. भारतासाठी हा आकडा अधिक साडेपाच तास, दुबईसाठी अधिक चार तास. पडद्यावर दिसतं ते या दोन्हींचं उत्तर.

तुमच्या फोनची मूळ वेळ बरोबर होती, चुकला होता तो झोन. मुंबईत दुपारचे बारा वाजले तेव्हा यूटीसी साडेसहा होते. फोनने त्यात दुबईचे चार मिळवून साडेदहा दाखवले. तुम्ही झोन तसाच ठेवून बारा लावले. मग फोनने उलटं गणित केलं: बारा वजा चार, म्हणजे यूटीसी आठ. आता तुमचा फोन खरोखरच दीड तास पुढच्या काळात आहे. ऑथेंटिकेटरचा कोड दर ३० सेकंदांनी मूळ वेळेवरून तयार होतो. सर्व्हर साधारण एखादा कोड मागेपुढे चालवून घेतो, तुमचा १८० कोड पुढे गेला आहे. ऑफिसच्या ॲपचंही तेच. त्याला मिळालेल्या परवान्याची मुदत फोनच्या घड्याळाप्रमाणे आधीच संपलेली असते.

दुरुस्ती याच क्रमाने करा. सेटिंग्ज, सिस्टिम, डेट अँड टाइम असं जा (फोन मराठीत असेल तर 'तारीख आणि वेळ'). सॅमसंगमध्ये हे पान जनरल मॅनेजमेंटखाली असतं, शाओमीत बहुधा ॲडिशनल सेटिंग्जखाली. आधी वेळेचं ऑटोमॅटिक बटण चालू करा, म्हणजे मूळ वेळ जागेवर येईल. घड्याळ पुन्हा दीड तास मागे जाईल. घाबरू नका, तसंच व्हायला हवं. मग टाइम झोनचं ऑटोमॅटिक बंद करून यादीतून भारत निवडा. आपल्या देशात एकच झोन असल्यामुळे पुढे शहर विचारलं जात नाही, विचारलंच तर कोलकाता घ्या. वेळ लगेच बरोबर होईल आणि कोडही चालू लागतील. आता झोनचं ऑटोमॅटिक पुन्हा चालू करा. काही मॉडेलमध्ये वेळ आणि झोन यांना मिळून एकच बटण असतं. तिथे ते बंद करून झोन भारत करा आणि बटण पुन्हा चालू करा.

ऑटोमॅटिक चालू केल्यावर झोन परत दुबईवर उडी मारत असेल, तर फोनला मिळणारी खबर जुनी आहे. ही खबर दोन वाटांनी येते. पहिली वाट मोबाइल नेटवर्कची. फोन नेटवर्कवर नोंदला जातो त्या वेळी टॉवरकडून वेळ आणि झोनचा आकडा येऊ शकतो. तो आकडा पाव तासांच्या हिशेबात असतो, भारतासाठी २२. हा संदेश पाठवणं कंपनीवर बंधनकारक नाही, म्हणून कधी तो येतच नाही. एअरप्लेन मोड अर्धा मिनिट चालू ठेवून बंद केला की फोन नव्याने नोंदला जातो आणि संदेश पुन्हा येण्याची संधी मिळते. लोक हा उपाय सवयीने करतात, त्याचं कारण हे आहे. दुसरी वाट लोकेशनची. अँड्रॉइड १२ पासून 'यूज लोकेशन टू सेट टाइम झोन' असा पर्याय अनेक फोनमध्ये आला आहे. तो चालू आणि लोकेशन बंद अशी जोडी असली, तर फोन जुन्याच झोनवर अडून बसू शकतो. लोकेशन चालू करा आणि फोन घेऊन पाचेक मिनिटं खिडकीशी किंवा गच्चीवर उभे राहा.

दुबईचं सिम दुसऱ्या खाचेत अजून आहे म्हणून असं होतंय का, ही शंका बरेच जण काढतात. सिम कुठलं आहे याने फरक पडत नाही, ते ज्या टॉवरला चिकटलं आहे त्याने पडतो. मुंबईत रोमिंगवर असलेलं दुबईचं सिमही भारतीय टॉवरवरच असतं.

एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. चूक किती मिनिटांची आहे यावरून कारण कळतं. फोन दीड तास मागे असेल तर झोन दुबई किंवा मस्कतचा आहे. अडीच तास मागे म्हणजे सौदी, कतार किंवा कुवेत. साडेपाच तास मागे म्हणजे फोनला झोनच मिळालेला नाही, तो नुसतं यूटीसी दाखवतोय, किंवा हिवाळ्यातल्या लंडनवर अडकला आहे. लंडनचा उन्हाळा असेल तर फरक साडेचार तासांचा. अडीच तास पुढे असेल तर सिंगापूर, दीड तास पुढे असेल तर थायलंड. या सगळ्यांत झोन बदलायचा, काट्यांना हात लावायचा नाही.

प्रश्न: माझा फोन सात मिनिटं पुढे आहे. झोन 'कोलकाता, जीएमटी अधिक ५:३०' असाच दिसतो. झोन बदलून पाहिला, उपयोग झाला नाही.
— एक वाचिका, दादर

होणारही नाही. आज जगात वापरात असलेले सगळे अधिकृत झोन यूटीसीपासून (फोनवर तेच जीएमटी म्हणून दिसतं) पाव तासाच्या पटीतच आहेत. सात, चार, अकरा मिनिटांची चूक झोनची असूच शकत नाही. तुमच्या फोनचं वेळेचं ऑटोमॅटिक बंद आहे. ते चालू करून इंटरनेट जोडा, काम झालं.

घरातलं भिंतीवरचं घड्याळ पाच-दहा मिनिटं पुढे ठेवायची आपल्याकडची पद्धत लोकल पकडणाऱ्यांच्या कामाची आहे. फोनवर मात्र ती आणू नका. फोनची वेळ फक्त तुम्ही पाहत नाही, बँकेचं ॲप, कोड, बॅकअप हे सगळे त्याच घड्याळावर चालतात. घाई स्वतःला लावायची असेल तर गजर सात मिनिटं आधीचा लावा.

प्रश्न: आयफोनमध्ये 'सेट ऑटोमॅटिकली' हे बटण पुसट दिसतं, दाबलंच जात नाही. झोन कतारचा अडकला आहे.
— एक वाचक, मुलुंड

बटण पुसट होण्याची दोन नेहमीची कारणं आहेत. स्क्रीन टाइमला पासकोड लावलेला असला की ते बटण गोठतं. मुलांनी घड्याळ बदलून वापराची मर्यादा चुकवू नये, म्हणून ही सोय आहे. सेटिंग्जमध्ये स्क्रीन टाइम उघडून पासकोड तात्पुरता काढा, झोन दुरुस्त करा, मग पुन्हा लावा. दुसरं कारण म्हणजे फोन कंपनीने दिलेला असणं. सेटिंग्ज, जनरल, व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट इथे प्रोफाइल दिसत असेल, तर कुलूप कंपनीच्या आयटी विभागाने लावलं आहे आणि किल्लीही त्यांच्याकडेच आहे.

बटण मोकळं असूनही झोन चुकत असेल, तर जागा वेगळी आहे. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकेशन सर्व्हिसेस, अगदी तळाशी सिस्टिम सर्व्हिसेस. तिथे 'सेटिंग टाइम झोन' चालू हवं. बॅटरी वाचवायचे सल्ले वाचून अनेकांनी ही यादी सरसकट बंद केलेली असते.

प्रश्न: मुलीच्या टॅबलेटला सिम नाही, फक्त वाय-फाय. रीसेट केल्यापासून तो साडेपाच तास मागे आहे. बाकी सगळं नीट चालतं.
— एक वाचक, बोरिवली

बाकी सगळं चालतं, याचाच अर्थ मूळ वेळ बरोबर आहे. ती इंटरनेटवरच्या वेळेच्या सर्व्हरकडून येते. पण तो सर्व्हर फक्त यूटीसी देतो, तुम्ही बोरिवलीत आहात की बोस्टनमध्ये हे त्याला ठाऊक नसतं. झोन सांगणारा टॉवर या टॅबलेटच्या नशिबी नाही आणि लोकेशनवरून झोन ठरवायची सोय सगळ्याच टॅबलेटमध्ये नसते. झोनचं ऑटोमॅटिक कायमचं बंद ठेवा, भारत निवडा. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची भानगड नसल्यामुळे एकदा केलेली निवड वर्षभर टिकते. वेळेचं ऑटोमॅटिक मात्र चालूच राहू द्या.

प्रश्न: जयगावला, भूतानच्या वेशीवर, मुक्कामाला होतो. पाचचा गजर साडेचारलाच वाजला. सकाळी फोन पुन्हा ठीक! फोन बिघडलाय का?
— एक वाचक, परळ

फोन ठणठणीत आहे. जयगावची वेस ओलांडली की लगेच फुन्शोलिंग, आणि भूतानची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. रात्री तुमच्या फोनने पलीकडचा टॉवर पकडला, त्याने सांगितलेला झोन घेतला, फोनमध्ये पाच वाजले तेव्हा भारतात साडेचारच झाले होते. सकाळी जागा बदलली, आपला टॉवर आला, चूक गेली. बांगलादेशाच्या सीमेलगत, मेघालयात डावकीला वगैरे, हाच अर्धा तास पुढे जातो. नेपाळच्या सीमेवर पाव तास. पाकिस्तानच्या सीमेजवळ अर्धा तास मागे, आणि हे सगळ्यात वाईट, कारण गजर उशिरा वाजतो आणि गाडी चुकते.

सीमेजवळ मुक्काम असेल तर आदल्या संध्याकाळी दोन गोष्टी करा. झोनचं ऑटोमॅटिक बंद करून भारत पक्का करा. आणि मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची निवड 'ऑटोमॅटिक' वरून काढून आपली कंपनी हाताने निवडा. दुसऱ्या गोष्टीने रोमिंगचं बिलही वाचतं. परतल्यावर दोन्ही पूर्ववत करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या गावी रेंजच मिळत नाही.

बॅलार्ड पियरहून क्रूझवर निघणाऱ्यांनाही हेच लागू. खोल समुद्रात जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असू शकतं, आणि ते कोणती वेळ सांगेल याचा भरवसा नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि जहाजावरच्या घोषणेप्रमाणे चाला.

प्रश्न: अल्माटीला जायचं आहे. माझा फोन जुना आहे, २०१८ नंतर त्याला अपडेट आलेलं नाही. तिथली वेळ तो बरोबर दाखवेल का?
— एक वाचिका, विलेपार्ले

बहुधा एक तास चुकेल, आणि हा प्रश्न आधी विचारलात हे फार बरं केलंत. १ मार्च २०२४ रोजी कझाकस्तानने सगळ्या देशासाठी यूटीसी अधिक पाच ही एकच वेळ ठरवली. त्याआधी अल्माटी अधिक सहावर होतं. म्हणजे पूर्वी ते आपल्यापुढे अर्धा तास होतं, आता आपल्यामागे अर्धा तास आहे. प्रत्येक फोनमध्ये झोनच्या नियमांची एक यादी असते. तुमच्या फोनमधली यादी या बदलाच्या आधीची आहे. अँड्रॉइड १० पासून ही यादी गूगल प्ले सिस्टिम अपडेटमधून स्वतंत्रपणे बदलता येते. त्याआधीच्या फोनना निर्मात्या कंपनीचं पूर्ण अपडेट यावं लागतं.

उपाय सोपा आहे. तिथे उतरल्यावर झोनचं ऑटोमॅटिक बंद करा आणि यादीतून ताश्कंद निवडा. उझबेकिस्तान अधिक पाचवरच आहे आणि तिथेही उन्हाळी वेळ नाही, त्यामुळे घड्याळ अल्माटीशी तंतोतंत जुळेल. जुना फोन घेऊन इजिप्त, जॉर्डन किंवा मेक्सिकोला जाणाऱ्यांनीही सावध राहावं. मेक्सिकोने बहुतेक भागांत उन्हाळी वेळ २०२२ मध्ये बंद केली, जॉर्डन त्याच वर्षी कायमचं अधिक तीनवर गेलं, इजिप्तने २०२३ मध्ये उन्हाळी वेळ पुन्हा सुरू केली.

प्रश्न: कपाटात तीन वर्षं पडलेला फोन चालू केला, तर १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच. कोणतीही वेबसाइट उघडत नाही.
— एक वाचक, लालबाग

आधी फोनची पाठ बघा. मागचं झाकण फुगलेलं किंवा पडदा उचललेला वाटला तर चार्जिंग ताबडतोब थांबवा आणि दुकानात दाखवा. वर्षानुवर्षं पडून राहिलेली बॅटरी फुगते, आणि ते वेळेच्या चुकीपेक्षा कितीतरी गंभीर आहे.

बॅटरी ठीक असेल तर पुढे. फोन सेकंद मोजतो ते १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून. बॅटरी पार संपली की काही फोनचा आकडा शून्यावर येतो. शून्य अधिक साडेपाच तास म्हणजे तुम्हाला दिसलेली पहाट. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. फोनच्या मते आज १९७० आहे, म्हणून एकही प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही.

घरच्या वाय-फायवर ऑटोमॅटिक चालू करून पाच मिनिटं थांबा, बहुतेक वेळा एवढ्याने जमतं. लॉगिनचं पान उघडावं लागतं अशा वाय-फायवर ते अडतं, कारण ते पानच उघडत नाही. तेव्हा आजची तारीख-वेळ अंदाजे हाताने टाका, जोडणी करा, मग ऑटोमॅटिक चालू करा. तारीख बरोबर येऊनही काही साइट नाहीच उघडल्या आणि फोन अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचा असेल, तर दोष घड्याळाचा नाही. त्या फोनमधली, प्रमाणपत्रं देणाऱ्या विश्वासू संस्थांची यादीच जुनी आहे. फायरफॉक्स स्वतःची यादी बाळगतो, तो चालला तर त्यावर भागवा.

प्रश्न: दुबईवर अडकलेला झोन दुरुस्त केला, पण तो चुकीचा असताना कॅलेंडरमध्ये टाकलेल्या भेटी दीड तास सरकल्या. फोटोंच्या वेळाही चुकीच्या आहेत.
— एक वाचिका, चेंबूर

दोन्हींची कारणं परस्परविरुद्ध आहेत. कॅलेंडर भेट झोनसकट साठवतं. तुम्ही दुबईच्या झोनमध्ये 'अकरा' लिहिलंत, ते भारताचे साडेबारा झाले. चुकीच्या दिवसांत टाकलेल्या नोंदी हातानेच बदलाव्या लागतील, आधीच्या आपोआप जागेवर येतील. गूगल कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये 'यूज डिव्हाइस टाइम झोन' चालू आहे ना, आणि आयफोनच्या कॅलेंडर सेटिंगमध्ये 'टाइम झोन ओव्हरराइड' बंद आहे ना, तेवढं पाहा. हे दोन उलटे असले तर फोन बरोबर असूनही कॅलेंडर चुकत राहतं.

फोटोत बहुतेक वेळा पडद्यावर दिसलेले आकडे तसेच्या तसे कोरले जातात, म्हणून ते आपोआप सुधारत नाहीत. संगणकावर गूगल फोटोज उघडा, त्या दिवसांतले सगळे फोटो निवडा, 'एडिट डेट अँड टाइम' मध्ये सगळ्यांना एकदम सरकवायचा पर्याय घ्या आणि दीड तास पुढे करा. एकेक फोटो दुरुस्त करत बसू नका. व्हॉट्सॲपच्या संदेशांना काही करावं लागत नाही, त्यांच्या वेळा झोनबरोबर लगेच सुधारतात.

प्रश्न: यादीत मुंबई का नाही, कोलकाताच का? आणि आजीची कुंडली ॲपवर काढतोय. जन्म १९४४, गिरगाव, सकाळी ८:१०. वेगवेगळी ॲप वेगवेगळं लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) दाखवतात. हा झोनचाच घोळ असेल का?
— एक वाचक, गिरगाव

आयफोनच्या यादीत मुंबई टाइप केल्यास सापडतं, पण आतलं नाव तिथेही कोलकाताच. फोन आणि संगणक झोनची जी सामाईक यादी वापरतात, तिच्यात १९७० पासून एकच वेळ पाळणाऱ्या भागाला एक नाव देतात, ते सहसा तिथल्या सगळ्यात मोठ्या लोकवस्तीच्या शहराचं. आपल्या वाट्याला कोलकाता आलं.

आजींच्या बाबतीत मात्र हे नुसतं नाव राहत नाही. महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशभर घड्याळं एक तास पुढे होती. सामाईक यादीत ही नोंद आहे. जे ॲप ती वापरतं ते तास आपोआप वजा करतं, जे नुसते साडेपाच धरतं ते करत नाही. म्हणून उत्तरं वेगळी येतात. तुमचं ॲप काय करतं ते असं तपासा: सकाळी ८:१० हीच वेळ आणि मुंबई हेच ठिकाण ठेवून ३१ ऑगस्ट १९४२ आणि २ सप्टेंबर १९४२ अशा दोन कुंडल्या काढा. लग्नाचे अंश दोनेक पुढे सरकले तर ॲपला युद्धकाळाची वेळ माहीत नाही, तास तुम्ही वजा करा. दहा-पंधरा अंश मागे गेले तर ॲपने तो आधीच वजा केला आहे. तुम्ही पुन्हा करू नका, नाहीतर दोनदा होईल.

याखेरीज मुंबईची स्वतःची एक गोष्ट आहे जी कोलकात्याच्या नावाखाली कुठेच नोंदलेली नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये सुरू झाली, तरी मुंबईत 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत टिकून होता. तो यूटीसीच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. म्हणून ८:१० ही वेळ कुठून आली ते घरात विचारा. वही किंवा दाखला असेल तर त्यावर 'मुं. टा.' (मुंबई टाइम), 'स्टँ. टा.' (स्टँडर्ड टाइम, म्हणजे प्रमाणवेळ) किंवा 'बी. टी.' (बॉम्बे टाइम) असं काही लिहिलंय का ते बघा. तसा उल्लेख नसेल तर दोन्ही धरून कुंडल्या काढा आणि लग्न दोन्हींत एकच येतं का ते पाहा. एकच आलं तर प्रश्नच मिटला.